नवतप्यातली तालीम

छत्रीपासून सुरुवात करतो. त्यातून मी किती मोठ्या मनाचा माणूस आहे हे तुमच्या लक्षात येईल, कारण त्या छत्रीने भर पंगतीत माझी लाज काढली होती.

शंकर नगरात एका बड्या गिऱ्हाइकाचा बंगला मी नुकताच पुरा केला होता. पश्चिमेला दोन मजली अखंड काच. रस्त्यावरून जाणारी माणसं थांबून त्या काचेत भांग पाडून घ्यायची, इतकी सुंदर. वास्तुशांतीला अर्धं रायपूर लोटलं होतं. एप्रिलमधली दुपार, चार वाजले असतील. हॉलमध्ये दोन एसी दम लागल्यासारखे धापा टाकत होते आणि पाहुणे घाम पुसत माझं कौतुक करत होते. मी नम्रपणे मान खाली घालून ते ऐकत होतो. मला ते फार छान जमतं.

तेवढ्यात आमच्या मराठी मंडळाच्या बाई आल्या. हातात ताट घेऊन सोफ्यावर बसल्या, झोळीतून काळी छत्री काढली, ती फटकन उघडली, दांडा खांद्याशी टेकवला आणि छत्रीखाली शांतपणे श्रीखंड-पुरी खाऊ लागल्या.

यजमान धावत आले.

"दीदी, ये क्या?"

"काही नाही बाप्पा, ऊन लागून राहिलं. तुम्ही जेवा न."

"पण दीदी, घराच्या आत..."

"काच मस्त आहे," बाई पुरीचा तुकडा मोडत म्हणाल्या. "दुकानाले शोभते. काय विकून राहिले तुम्ही इथं?"

महिन्याभरात त्या काचेला आतून पडदे लागले, मग बाहेरून बांबूचे चिक-पडदे लागले आणि शेवटी यजमानांनी माझ्याकडूनच तिच्यापुढे पत्र्याची शेड मारून घेतली. ती शेड मारताना माझं जे झालं ते मी इथे सांगणार नाही. एवढंच सांगतो, की आज आमच्या ओळखीच्या निम्म्या लोकांना घर बांधायचं असलं की आधी बाईंना बोलावतात, मग मला. आणि मी आर्किटेक्ट आहे!

बाई आर्किटेक्ट नव्हत्या. रेल्वेच्या ऑफिसात हेडक्लार्क होत्या. लग्न केलं नाही. काहून नाही केलं असं कोणी विचारलं तर म्हणायच्या, "पात्र मिळालं नाही." हे अगदी खरं असावं, कारण आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत दरवर्षी नाटक त्याच बसवायच्या आणि रायपुरातला प्रत्येक लग्नाचा मराठी पुरुष त्यांनी मिशा लावून आणि मिशा काढून, दोन्ही प्रकारे पाहिलेला होता.

त्यांची तालीम म्हणजे काय चीज होती! संवाद नंतर. आधी मंडळाच्या अंगणात चुन्याच्या फक्कीने अख्खं घर आखायचं. ही भिंत, हे दार, हा जिना. दारापाशी दोन विटा. मग आम्ही चार दिवस नुसते त्या घरात चालायचो. या खोलीतून त्या खोलीत, पाणी प्यायला, भांडायला, मरायला. कोणाचा पाय चुकून रेघेवर पडला की बाई अशा ओरडायच्या की शेजारच्या घरातलं दूध उतू जायचं.

"भिंत फोडली! बाहेर! परत दारातून ये!"

मी सलग कित्येक गणपती नोकराचं काम केलं. 'साहेब, चहा' एवढंच वाक्य. पण त्या चहापायी मी चुन्याच्या दारातून इतक्या वेळा आत-बाहेर केलंय, की पुढे कॉलेजात जाऊन शिकण्यासारखं फार काही उरलं नव्हतं. आजही भर मीटिंगमध्ये, गिऱ्हाइकांसमोर, बाई मला "ए नोकर" म्हणून हाक मारतात. गिऱ्हाइकांना वाटतं हा लाडाचा शब्द आहे. नाही. तो माझा हुद्दा आहे.

कोणाच्याही घरी गेल्या की बाई आधी घराला बाहेरून एक चक्कर मारायच्या. मग आत येऊन चहाच्या आधी त्यांचे प्रश्न सुरू व्हायचे. "लाईट गेल्यावर कुठं बसता?" हा पहिला. "भांडण झाल्यावर कोण कुठं जाते?" हा दुसरा. आणि घरातल्या बाईला जरा बाजूला घेऊन तिसरा: "एकटीले रडायचं असलं तर जागा आहे का?"

समता कॉलोनीत एका नव्या जोडप्याच्या फ्लॅटवर मी त्यांच्याबरोबर होतो. दुसऱ्या प्रश्नाला नवरा हसून म्हणाला, "बाई, हम तो झगड़ते ही नहीं."

बायको सरळ म्हणाली, "बाल्कनीत जाते मी. पण तिथं वॉशिंग मशीन आहे. उभ्यानेच रुसावं लागते."

बाईंनी तिथल्या तिथे नवऱ्याला उठवून मशीन बाथरूममध्ये सरकवायला लावलं आणि बाल्कनीत खुर्ची ठेवून घेतली. "आता भांडा," म्हणाल्या, "अन् चहा आणा."

रिटायर झाल्यावर रेल्वेचं क्वार्टर सुटलं. बाई समता कॉलोनीतच एका घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायला गेल्या. डोक्यावर उघडा स्लॅब. आमच्या लहानपणी नवतपा म्हणजे मे संपता संपताचे ते भाजून काढणारे नऊ दिवस असायचे. लोक नऊ दिवस मोजायचे, कांदा खिशात ठेवायचे आणि दहाव्या दिवशी सुटायचे. रात्री अंगणात खाट टाकली की गार वाटायचं. आता अंगणं राहिली नाहीत, आजूबाजूची तळी बुजली, आणि नवतपा मार्चमध्येच येऊन मुक्काम ठोकतो. दिवसभर तापलेली भिंत पहाटेपर्यंत तापच सोडत असते. एक दिवस सकाळी बाई माझ्या ऑफिसात आल्या, टेबलावर ओला गमछा आपटला आणि म्हणाल्या, "मी भट्टीवर झोपून राहिली. घर काढ."

"कोणासाठी?"

"तीन म्हाताऱ्यांसाठी."

शंकर नगरच्या पुढे, जिथे पूर्वी धानाची शेतं होती, तिथे बाईंचा फार जुना प्लॉट होता. त्यावर एक कडुनिंब आणि बाकी वारा. तिथे तिघींनी एकत्र राहायचं, अशी योजना. पहिल्या बाई. दुसऱ्या सिस्टर: सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या, मूळच्या भंडाऱ्याकडच्या, पहाटे बुद्धवंदना झाल्याशिवाय कोणाशी न बोलणाऱ्या आणि ती झाल्यावर कोणालाही न सोडणाऱ्या. मुलगी परदेशात, गुडघे कामातून गेलेले. तिसऱ्या कुसुममावशी.

कुसुममावशी बाईंची शाळेपासूनची मैत्रीण. मिस्टर गेल्यावर मुलाकडे, बबलूकडे राहायच्या. बबलू आता पंचेचाळिशीचा आहे, बँकेत मोठा साहेब आहे, पण नाव बबलूच. नवव्या मजल्यावर फ्लॅट, सगळ्या खिडक्या बंद, तीन एसी. माणूस वाईट नाही, उलट फार चांगला. आईला औषधं वेळेवर, टीव्ही मोठा, स्वयंपाकाला बाई. पण मावशींची खाट नातीच्या अभ्यासाच्या खोलीत. अभ्यास सुरू झाला की मावशी हॉलमध्ये. हॉलमध्ये कोणी आलं की स्वयंपाकघरात. स्वयंपाकवाली आली की परत खोलीत. बाई म्हणायच्या, "कुसुम घरात नाही राहत. दौऱ्यावर असते."

बबलूला योजना कळली तेव्हा तो माझ्या ऑफिसात येऊन बसला आणि पाणीही प्यायला नाही.

"भैया, लोग क्या बोलेंगे? बबलू ने माँ को निकाल दिया?"

"अरे, त्या स्वतः जायचं म्हणतात."

"आई म्हणाली? तिच्या तोंडाने?"

इथेच गोम होती. मावशी तोंडाने काहीच म्हणत नव्हत्या. नकाशा दाखवला की डोळे भरून बघायच्या आणि म्हणायच्या, "तुमचं घर छान होईल ग." तुमचं. बाईंना त्या एका शब्दाचा असा राग यायचा की त्या पदर झटकून उठून जायच्या. शेवटी त्यांनी मला बजावलं, "ऐक नोकर. कुसुम आली तर घर. नाही तर प्लॉट विकून मी मोकळी. सिस्टर पोरीकडे जाईल, मी त्या भट्टीवर मरेन, अन् कुसुम दौऱ्यावर."

मी जीव ओतून नकाशा काढला. बाईंनी तो उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला.

"कागदावर सगळेच बरोबर चालतात," त्या म्हणाल्या. "तालीम करू."

"तालीम? घराची?"

"मग कायची? नवतप्यात करू."

"बाई, माणसं मरतील! हिवाळ्यात करू ना."

"हिवाळ्यात पुलाखालीही बरं वाटते, पोट्ट्या. घराची परीक्षा उन्हाळ्यात होते."

सिस्टरनी एकाच अटीवर होकार दिला: प्लॉटवर हुकूम त्यांचा चालेल. कोणाचा चेहरा जरा लाल दिसला की तालीम बंद. त्याप्रमाणे बांबू रोवून वर दाट हिरवी जाळी ताणली, पाण्याचे माठ भरले, ओल्या चादरी टांगल्या, आणि उजाडताना मी माझ्या पदवीसह गुडघ्यांवर बसून फक्कीने रेघा मारू लागलो. तीन खोल्या, हॉल, स्वयंपाकघर, समोर ओसरी. तिला इथे परछी म्हणतात. दारांना विटा. प्रत्येक खोलीत खाट. स्वयंपाकघरात विटांवर गॅसची शेगडी. मावशी घरी 'पुरानी बस्तीतल्या देवळात जाते' असं सांगून आल्या होत्या.

आणि तालीम सुरू झाली. हो, तीन म्हाताऱ्या मोकळ्या मैदानात अदृश्य घरात वावरत होत्या आणि रस्त्यावरून जाणारे सायकलवाले पाय टेकवून बघत होते. बाईंनी त्यांनाही सोडलं नाही: "पाहून काय राहिले? शेजारी व्हा! तिकडं उभे राहा अन् डोकावा, पाहू दे किती दिसते ते!" बरंच दिसत होतं. एक खिडकी सरकवली.

माझा नकाशा नाश्त्याच्या आधीच जखमी झाला. सिस्टर खाटेवरून उठून काठी टेकत बाथरूमला निघाल्या. खोलीतून हॉल, हॉलमधून बोळ, बोळातून वळण. परत येऊन खाटेवर टेकल्या आणि म्हणाल्या, "छान आहे. फक्त जाऊन येईपर्यंत मला परत जायची वेळ झाली." प्रत्येक खोलीला चिकटून बाथरूम आलं, काठी आणि माणूस दोन्ही मावतील एवढ्या दाराचं.

मग बाईंनी भांडण बसवलं. विषय टीव्ही. सिस्टर इतक्या मनापासून भांडल्या की मला भीती वाटली. तावातावाने उठून परछीत जाऊन बसल्या. दोन मिनिटांनी बाईही रुसल्या आणि जायला दुसरी जागा नसल्यामुळे त्याच परछीत जाऊन बसल्या. दोघी एकमेकींकडे पाठ करून.

"काहून रे नोकर," बाई पाठमोऱ्याच म्हणाल्या, "घरात तीन म्हाताऱ्या अन् रुसायले एकच जागा?"

अशा रीतीने परछी घराला तीन बाजूंनी फिरली, आणि प्रत्येक खोलीला तिच्यात उघडणारं स्वतःचं दार मिळालं. नंतर हिशेब केला तेव्हा कळलं की त्याच परछीमुळे भिंतींवर ऊन पडणार नाही. पण तो शोध शास्त्राने नाही लावला, रुसव्याने लावला.

मावशी मात्र दिवसभर पाहुण्यासारख्या. रेघ सांभाळून चालायच्या, कुठे उभं राहू विचारायच्या. जेवण झाल्यावर बाईंनी त्यांना त्यांच्या खोलीत पाठवलं: "जाय, आडवी हो. कोणी उठवणार नाही तुले." मावशी ओल्या चादरीच्या आड खाटेवर पडल्या आणि चक्क झोपल्या. बाई सगळ्यांना तोंडावर बोट ठेवून गप्प करत होत्या. मावशींचा फोन पिशवीत थरथरत होता. तो कोणी उचलला नाही.

चारनंतर एक पांढरी गाडी धुरळा उडवत आली. देवळात चौकशी करून, मग माझ्या ऑफिसात चौकशी करून, टाय लावलेला बबलू उतरला. चेहरा असा की सिस्टरनी आधी ओआरएसकडे हात नेला.

"ये क्या तमाशा है?" तो सरळ चालत आला. "आई कहाँ है? इतनी धूप में..." आणि परछी, हॉल सगळं तुडवत तो मधोमध आला.

"भिंत फोडली!"

बाईंचा आवाज. सायकलवाल्यांच्या घंट्या वाजल्या असतील त्याने. बबलू जागच्या जागी थिजला. तुम्हाला सांगायला विसरलो: लहानपणी आमच्या नाटकात जो गोरागोमटा छोटा मुलगा असायचा, तो हाच. त्याचं डोकं रागात होतं, पण पायांना अजून आठवत होतं. त्याने खाली पाहिलं. बुटाखाली चुन्याची रेघ. बँकेचा मोठा साहेब हळूच मागे सरकला, पूर्ण घराबाहेर गेला, दोन विटांमध्ये उभा राहिला आणि बूट काढून दारातून आत आला.

कोणी हसलं नाही. मीही नाही, आणि हे मला किती जड गेलं ते माझं मलाच माहीत.

"आई कुठे आहे?" त्याने खालच्या आवाजात विचारलं.

बाईंनी चादरीकडे बोट दाखवलं. "ती तिची खोली. दार वाजव."

बबलू दोन विटांसमोर उभा राहिला. हात उचलला. वाजवायला लाकूड नव्हतं. इकडेतिकडे पाहिलं आणि तोंडानेच म्हणाला, "टक टक."

"कोण?" आतून मावशी.

"मी. बबलू."

खाट करकरली. मग झोपेतून उठलेल्या, पण स्वच्छ आवाजात मावशी म्हणाल्या, "थांब थोडं. साडी सारखी करून राहिली मी."

आणि तो थांबला. पायात मोजे, तापलेली माती, कपाळावरून घाम, समोर हवेचं दार. पण त्याने ते ढकललं नाही. आतून "ये" आलं तेव्हाच आत गेला आणि खाटेच्या कडेवर बसला. चादरीला कान नसतात, पण आम्हाला होते. आम्ही सगळं ऐकलं.

"आई, देवळात गेली होतीस ना?"

"नाही. खोटं बोलली मी."

"घर में क्या कमी है, आई? मला सांग. मी आणतो."

मावशींना मुलाला दुखवायचं नव्हतं आणि या वेळी खोटंही बोलायचं नव्हतं.

"कमी काही नाही रे," त्या म्हणाल्या. "दार नाही मले तेवढं."

मी बाईंकडे पाहिलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या जागा ठरवणारी ती बाई पदराचं टोक मुठीत गच्च धरून उभी होती. सगळं घर त्या चादरीमागे टांगलेलं होतं.

"चहा घेशील?" मावशींचा आवाज आला. "स्वयंपाकघर तिकडं आहे. तूच टाक. सगळ्यांले टाक."

बबलू बाहेर आला, बोळातून वळून, एकही भिंत न मोडता स्वयंपाकघरात गेला आणि शेगडी पेटवली. जाळी डोक्यावर होती, पण पश्चिमेकडून तिरपं ऊन थेट त्याच्या तोंडावर. आधण येईपर्यंत त्याने टाय सोडला. साखर घालेपर्यंत बाह्या दुमडल्या.

"हे स्वयंपाकघर इकडे कोणी काढलं?"

सगळ्यांची बोटं माझ्याकडे वळली. सायकलवाल्यांचीसुद्धा.

"भैया, चाय से पहले आदमी उबल जाएगा! आई इथे संध्याकाळी पोळ्या करणार?"

"नकाशात दिशा बसवायची म्हणून..." मी सुरू केलं.

"दिशा गेली चुलीत," बबलू म्हणाला, शेगडी बंद केली आणि मोज्यातल्या पायाने माझी पश्चिमेची भिंत पुसून टाकली. फक्कीचं पोतं उचललं, कडुनिंबाच्या बाजूला, पूर्वेला गेला आणि बँकेच्या पांढऱ्या शर्टावर चुना सांडत नवी रेघ मारायला बसला. बाईंनी ओरडायला तोंड उघडलं होतं. ते तसंच मिटलं. तेवढं एकदा मी त्यांना गप्प पाहिलं, आणि परत कधी पाहीन असं वाटत नाही.

मावशी खोलीतून बाहेर आल्या. या वेळी कुठे उभं राहू असं त्यांनी विचारलं नाही. सरळ नव्या स्वयंपाकघरात गेल्या आणि मान तिरकी करून बघू लागल्या.

"ओटा किती उंच ठेवून राहिले?" त्यांनी मला विचारलं.

"मावशी, सगळीकडे असतो तेवढाच. कमरेच्या जरा वर..."

"तो तुझ्या कमरेच्या वर. मले खांदे उचलून लाटावं लागते, चाळीस वर्षं झाली. नाही चालणार." त्यांनी तळहात स्वतःच्या कमरेपाशी आडवा धरला. "माझा ओटा इथवर पाहिजे."

'माझा' हा शब्द ऐकून बाईंनी सिस्टरच्या दंडाला असा चिमटा काढला की सिस्टर ओरडल्या. बबलूने आईकडे पाहिलं. मग दारातल्या विटा गोळा करून आणल्या आणि आईच्या तळहाताखाली एकावर एक रचू लागला. रचून झाल्यावर मावशींनी हात वर न करता, खांदा न उचलता, हवेत एक पोळी लाटून पाहिली.

"हव," त्या म्हणाल्या. "बरोबर."

बाईंनी टाळी वाजवली. मग सिस्टरनी, मग सायकलवाल्यांनी, मग त्या तापलेल्या प्लॉटवर जो कोणी होता त्या प्रत्येकाने. बबलू चुन्याने माखलेला, विटांशेजारी उकिडवा बसलेला, एकटाच त्या टाळ्या कोणासाठी आहेत हे न कळून इकडेतिकडे बघत होता.

ते घर आता उभं आहे. जाड भिंती, तिन्ही बाजूंनी परछी, पूर्वेला कडुनिंबाच्या सावलीत स्वयंपाकघर. रविवारी मी जातो. बाई मला भाजी चिरायला लावतात. हुद्दाच तसा आहे. ओटा मावशींच्या कमरेएवढा, त्यामुळे पंधरा मिनिटांत माझी पाठ दुखून येते. इतकी दुखते, इतकी दुखते, की मी आनंदाने अजून एक जुडी मागून घेतो.